शेवटच्या रकान्यातले निरंक

शोधनिबंधाचा मसुदा तिसऱ्यांदा परत आला तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईत एवढंच लिहिलेलं होतं: 'माहिती पुष्कळ. तुमचं म्हणणं काय?'

हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मुस्लिम विवाह नोंदणी कार्यालयाच्या तळघरात, ज्याला सगळे नुसतं 'रेकॉर्ड' म्हणतात त्या खोलीत, तिची बत्तीस वर्षं गेली होती. तिथे म्हणणं अर्जदाराचं असतं, निर्णय साहेबांचा असतो आणि कारकुनाची असते ती फक्त सही. ऑफिसात तिला टाचणीबाई म्हणत. अंगाने तशी बारीक, आणि सुटा कागद दिसला की कशाला तरी जोडून टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बोलणंही तसंच, बारीक आणि टोचणारं.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने बहिःस्थ पदवी पुरी केली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात इस्लामच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. कारण विचारलं की सांगायची, "रोज निकाहनामे हाताळते, माझाही एक आहे. आत काय लिहिलंय ते एकदा नीट कळू दे." सात पेपर सुटले. राहिला होता तो एक शोधनिबंध, तोही साधा नाही, युक्तिवादाचा. एक ठाम विधान करायचं, त्याला पुरावा द्यायचा, विरोधी बाजू मांडायची, ती खोडून काढायची. नोंदणीची मुदत पाच वर्षांची आणि हे पाचवं वर्ष. महिनाअखेरच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत निबंध खिडकीवर गेला नाही, तर आधीचे सात पेपरही रद्द. सगळं मुसळ केरात.

मार्गदर्शक मॅडम तिच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान होत्या. खोलीत एकच जास्तीची खुर्ची होती आणि तिच्यावर पुस्तकं होती, त्यामुळे टाचणीबाई उभीच राहिली.

"बाई, हे वाचून मला इस्लाममधलं लग्न म्हणजे काय ते कळलं," मॅडम म्हणाल्या. "लग्न हा करार आहे, दोघांची संमती लागते, साक्षीदार लागतात, नवऱ्याने द्यायचा मेहेर ठरतो, स्त्रीला करारात अटी घालता येतात. काही पंथांचे विद्वान त्या अटी बंधनकारक मानतात, काही म्हणतात अट मोडली तरी लग्नाला बाध नाही. सगळं बरोबर. पण हे मला आधीच माहीत होतं."

"मग चूक काय?"

"चूक काहीच नाही. हीच तर पंचाईत आहे! ज्याच्याशी कुणी भांडू शकत नाही, तो युक्तिवाद कसला?"

"भांडायचंय होय," टाचणीबाई म्हणाली. "मग आधी सांगायचंत. घरी सराव झाला असता."

मॅडम हसल्या आणि पुढे जे बोलल्या त्यातूनच पुढचं सगळं घडलं. "तुमच्या तळघरात जे आहे ते या विद्यापीठात कुणाकडे नाही. अटींचा रकाना असतो ना नोंदवहीत? तो मोजा. पसारा नको. जुन्या वह्या तेवढ्या घ्या."

ती मोजायला बसली. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता, आणि सुटल्यावर दरवान किल्ल्या वाजवेपर्यंत. साहेबांकडून लेखी परवानगी घेतली होती, एका अटीवर: निबंधाची एक प्रत कार्यालयात जमा करायची. जुन्या वह्या वीस होत्या, पहिल्या वीस वर्षांच्या. एकूण नोंदी तीन हजार दोनशे बारा. खरं तर या मूळ वह्या नव्हत्याच. मूळ वह्यांना ओल आणि वाळवी लागली, तेव्हा त्या वेळच्या साहेबांच्या हुकुमावरून त्यांच्या नव्या प्रती करण्यात आल्या आणि मूळच्या लगद्याला गेल्या. प्रती करणारा हात तिचाच होता. नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते. एकविसाव्या वर्षीचं आपलं गोल, मेहनती अक्षर पाहून तिला जरा बरंही वाटलं.

मोजणीतून जे निघालं ते पाहून तिचा पाय जमिनीवर ठरेना. कार्यालय सुरू झाल्यावर पहिल्या पाच महिन्यांत बासष्ट लग्नं, त्यांपैकी अकरा नोंदींत बायकोने घातलेल्या अटी. शिक्षण पुरं करू द्यायचं, गाव सोडायला लावायचं नाही, दुसरं लग्न करायचं नाही. आणि सहाव्या महिन्यापासून वीस वर्षं संपेपर्यंत एकही नाही. तीन हजार दीडशे वेळा ओळीने एकच शब्द: निरंक.

"एकही नाही?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही."

"बाई, हे सोनं आहे."

मग काय, म्हणणं सापडलं. धर्माने दिलेला हक्क स्त्रियांच्या हातून गेला तो कायद्यामुळे नव्हे, तर घरच्यांच्या दबावामुळे, आणि तोही वर्षभराच्या आत. सहाव्या महिन्यात असं काय घडलं असेल यावर तिने चौदा पानं लिहिली. सुरुवातीचा उत्साह ओसरला, वडीलधारे सावध झाले, अट घालणारी मुलगी भांडकुदळ ठरू लागली. विरोधी बाजू म्हणून तिने स्वतःच शंका घेतली की नोंदवह्या विश्वासार्ह नसतील तर? आणि एका वाक्यात ती खोडून काढली: 'कार्यालयातील प्रती मूळ नोंदींशी तंतोतंत जुळवलेल्या असतात.' हे वाक्य तिचं आवडतं होतं.

मॅडमची सवय होती, शेवटचा मसुदा कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला लावायच्या. मुदत संपायच्या आधीचा बुधवार होता. नवरा घड्याळाच्या दुकानात निघायच्या बेतात होता.

"मला नको वाचून दाखवूस," तो चपला शोधत म्हणाला. "परवाच्या दोन पानांनी माझं दुकानातलं सगळं काम बिघडलं. बाईचा हक्क, बाईचा हक्क म्हणत एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला उलटी किल्ली दिली."

"तुम्ही जा हो. आईला दाखवते."

आई सत्त्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता डोळे साथ देत नव्हते तरी मशीनजवळच्या स्टुलावरच बसायची. तिने नवव्या पानापर्यंत निमूट ऐकलं. दहाव्या पानावर 'एकाही स्त्रीने अट घातली नाही' हे वाक्य आलं आणि म्हातारी म्हणाली, "खोटं आहे."

"काय खोटं?"

"मी घातली होती."

"तू?"

"का? मला तोंड नव्हतं? लग्नानंतरही मी शिवणकाम करणार, ते कुणी बंद करायचं नाही, मशीन माझी, आणि बंद केलं तर मी मोकळी. तुझे आजोबा पुटपुटत बसले, पण रजिस्ट्रारने समोर लिहून घेतलं. मी वाचल्याशिवाय सही केली नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस?"

"रोज तर ऐकायचीस. तुझा बाप मशीनवरून कुरकुरला की मी काय म्हणायचे?"

टाचणीबाईला आठवलं. 'कागद काढू का?' असं आई म्हणायची, आणि वडील गप्प होऊन बाहेर जायचे. तो कागद म्हणजे मशीनची पावती, असं ती पन्नास वर्षं धरून चालली होती.

आई उठली. ज्याच्यात बॉबिनी ठेवायची त्या डब्याच्या तळातून तिने घडीवर विरलेला कागद काढला. कार्यालयाचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात आडव्या-तिडव्या अक्षरांत साडेचार ओळी.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात अर्धा तास आधी पोचली. दुसरी वही, तोच अनुक्रमांक. वधूच्या जागी आईचं नाव, वराच्या जागी वडिलांचं. अटी: निरंक. अक्षर तिचं.

आणि तिला तो दिवसही आठवला. प्रती करायची पद्धत जोडीची होती. एकाने मूळ वही समोर धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मान खाली घालून लिहायचं. लिहिणाऱ्याने मूळ वहीकडे बघायचं नाही, वेग तुटतो. वाचायला काका होते, तिचे वरिष्ठ, तिला हे काम ज्यांनी शिकवलं ते. "हे बघ, तुझ्या मातोश्री आल्या," असं काका म्हणाले होते, दोघं हसली होती, त्या नोंदीच्या निमित्ताने त्यांनी चहाही मागवला होता. मग काका पुढे वाचू लागले आणि शेवटी म्हणाले, "अटी, निरंक." तिने लिहिलं, निरंक.

ती वही मिटून खोलीत चालत राहिली. कपाटापासून दारापर्यंत अकरा पावलं होती. काही वर्षांपूर्वी रेकॉर्डच्या खिडकीवर आलेली एक बाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना. प्रमाणित प्रत हातात घेऊन ती म्हणत होती, माझी अट होती हो, नवऱ्याने दुसरं लग्न केलंय, माझा कागद त्यानेच जाळला. टाचणीबाईने तिला ऐकवलं होतं, "कागद बोलतो बाई, तोंड नाही." रांगेतली माणसं हसली होती.

काकांचं घर बसच्या शेवटच्या थांब्याजवळ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, म्हणून काळा चष्मा लावून ते व्हरांड्यात बसले होते.

"ये, टाचणे. काय, निवृत्तीची अक्कल विचारायला आलीस?"

"काका, पहिल्या वह्या आपण उतरवल्या. शेवटचा रकाना तुम्ही वाचत होता का?"

"कशाला?"

"तुम्ही आधी सांगा."

"तू ताकाला जाऊन भांडं लपवतेस. काय झालं ते सांग, मग मी सांगतो."

तिने कागद पुढे केला, मग त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन वाचून दाखवला. काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पहिले दोन दिवस वाचला," ते म्हणाले. "एकतीस पानं झाली दोन दिवसांत. त्या अटी म्हणजे काय अक्षर होतं का ते? समासात लिहिलेलं, उभं-आडवं, शाई फुटलेली, दर रजिस्ट्रारचं वळण निराळं. एकेका अटीला पाव तास. तिसऱ्या दिवशी साहेब खाली आले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, वह्या कधी उघडून पाहिल्या नाहीत. म्हणाले, रोज चाळीस पानं झाली पाहिजेत, मुख्य तेवढं उतरवा. मुख्य म्हणजे काय? नाव, गाव, तारीख, मेहेर, साक्षीदार."

"आणि बाकी निरंक."

"रकाना कोरा ठेवला असता तर तपासणीत शेरा आला असता. निरंक म्हटलं की कुणी विचारत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का? मान खाली घालून लिहायचीस. मला वाटलं, शहाणी आहे, समजून घेतलं असेल." ते पुढे म्हणाले, "शिवाय ज्याची अट, त्याच्या घरी कागद असतोच की."

"जळतात काका कागद."

ती निघाली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "माझं नाव घालणार आहेस का त्यात?"

"माझं घालणार आहे."

बस यायला वेळ होता आणि तिला उभं राहवेना. दोन थांबे ती चालतच गेली आणि चालता चालता मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती सहाव्या महिन्यातली घसरण..."

"घसरण नव्हे. आमचा तिसरा दिवस."

"आणि तुमची ती चौदा पानं?"

"रद्दी."

"बाई, आज गुरुवार आहे. निबंध आहे तसा दिलात तर पास व्हाल, चांगल्या गुणांनी व्हाल. बदललात तर पुरावा काय? तुमच्या आईचा एक कागद. एका कागदाला पुरावा म्हणत नाहीत, आठवण म्हणतात. परीक्षक पहिल्याच प्रश्नात उडवतील."

"किती हवेत?"

"दहा तरी. तेही सोमवारपर्यंत? मला वाटत नाही."

घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं ते मदत मागायला नव्हे, त्रागा म्हणून. पण आईने चाळीस वर्षं ज्यांची मापं घेतली त्या बाया अजून आजूबाजूच्या गल्ल्यांतच होत्या, निम्म्या तरी होत्या. कुणाचं लग्न कधी झालं हे म्हातारीला तारखेनं नव्हे, कपड्यानं आठवायचं. "ती हिरव्या जरीची, बाही घट्ट झाली म्हणून भांडली होती, ती माझ्यानंतर दोन वर्षांनी."

"काखेत कळसा आणि पाच वर्षं विद्यापीठाला वळसा," नवरा म्हणाला, पण शुक्रवारी दुकान बंद ठेवून तोच दोघींना स्कूटरवरून आळीपाळीने पोचवत राहिला. टाचणीबाईने शुक्रवारची रजा टाकली होती.

जिने चढायचे, घंटी वाजवायची, आईने आत शिरून ख्यालीखुशाली विचारायची, आणि टाचणीबाईने चुळबुळत घड्याळ बघायचं. पाच घरांत कागद नव्हते. तीन घरांत मुलांनी दारातूनच परत पाठवलं. कशाला हवाय, कोर्टाचं काही आहे का? एका तिसऱ्या मजल्यावर निवृत्त परिचारिका राहत होती. तिने कागद फ्रेम करून न्हाणीघराच्या दाराबाहेर लावला होता.

"इथे का?" आईने विचारलं.

"रात्रपाळी बंद करायला सांगायचं नाही, अशी अट आहे माझी. हे दाढी करायला येता-जाता वाचायचे." ती टाचणीबाईकडे वळली. "तुमच्या वहीत काय आहे?"

"निरंक."

"निरंक म्हणजे?"

"काही नाही, असं."

"कुणी लिहिलं?"

"मी."

परिचारिकेने फ्रेम खिळ्यावरून काढता काढता तिच्याकडे पाहिलं. दिली, पण कागद बाहेर नेऊ दिला नाही. टाचणीबाईने तिथेच गुडघ्यावर वही ठेवून नक्कल केली, दोन ओळी झाल्या की थांबून मूळ कागदाशी ताडून पाहत. बाकीच्या घरांतही तिने तेच केलं. एक ओळसुद्धा कुणाकडून वाचून घेतली नाही.

रविवार दुपारपर्यंत चौदा कागद झाले. नऊंवर अटी होत्या. वहीतली नोंद शोधायला तिने दरवानाला गळ घालून रविवारी रेकॉर्ड उघडून घेतलं. नऊच्या नऊ ठिकाणी निरंक.

नवा निबंध जुन्याच्या निम्मा झाला. म्हणणं एवढंच होतं: या नोंदवह्यांवरून मुस्लिम स्त्रियांनी आपला हक्क वापरला की नाही हे सांगता येत नाही, धर्मशास्त्राने जी जागा दिली होती ती घरात भरली गेली आणि कार्यालयात पुसली गेली, म्हणून अशा वह्यांवर उभी असलेली 'बायकांनी कधी अटी घातल्याच नाहीत' ही समजूत तपासल्याशिवाय मान्य करू नये. विरोधी बाजूला तिने दोन पानं दिली. नऊ कागद थोडे आहेत, ओळखीतून मिळालेले आहेत, ज्यांच्याकडे अटी होत्या त्यांनीच कागद जपले असतील. यातलं शेवटचं तिला खोडता आलं नाही. तसं तिने लिहिलं. साधनांच्या प्रकरणात आवडतं वाक्य काढून त्या जागी दुसरं घातलं: 'सदर प्रती प्रस्तुत लेखिकेनेच मूळ नोंदी न पाहता, वाचून दाखवल्याबरहुकूम लिहिल्या आहेत आणि त्यांच्या तंतोतंतपणाचे दाखलेही तिनेच दिले आहेत.'

मॅडमनी सोमवारी सकाळी सही करण्यापूर्वी या वाक्यावर बोट ठेवलं. "ही प्रत ऑफिसात जमा करायची आहे ना?"

"हो."

"मग चौकशी लागेल."

"लागेलच. सही करा मॅडम, चारला खिडकी बंद होते."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी निबंध आत गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने अर्धा तास नऊ या आकड्यावरून छळलं. टाचणीबाईने दोनदा पेला उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला. गुण शंभरात त्रेपन्न. शेरा: 'विधान महत्त्वाचे, नमुना अपुरा.' पास झाल्याचा आनंद नवऱ्यालाच जास्त झाला. ती 'नमुना अपुरा' या दोन शब्दांवर आठवडाभर धुमसत होती.

ऑफिसातला मेमो त्याआधीच आला होता. खुलासा सात दिवसांत मागितला होता, तिने त्याच दिवशी दिला. चौकशी अजून चालू आहे. तिला रेकॉर्डमधून हलवून वर अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीवर बसवलं. नोंद दुरुस्तीचा नियम आहे का, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, "नियम आहे. पण आजवर कुणी अर्ज केला नाही. आणि बाई, कृपा करून कुणाला सांगत सुटू नका."

त्यानंतरच्या मंगळवारी खिडकीसमोर आई उभी होती. मागे ती परिचारिका, तिच्या हातात फ्रेम, आणि आणखी चार बाया.

"घरी सांगितलं असतंस तर मी अर्ज भरून आणला असता," टाचणीबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"तुझ्या हाताने माझा रकाना एकदा भरून झालाय," आई म्हणाली. "आता अर्ज मी भरलाय. घे."

अर्ज एका जागी चुकला होता, सही चौकटीच्या बाहेर गेली होती. टाचणीबाईने तो परत केला आणि दुसरा भरून घेतला. हेडक्लार्क मागे येऊन उभा राहिला, रांगेकडे पाहिलं, आणि आपल्या टेबलाकडे गेला. तिने शिक्का मारला, अनुक्रमांक एक घातला आणि पोच फाडून दिली. आईने ती डोळ्यांजवळ धरली आणि मागची रांग कुरकुरायला लागली तरी सावकाश, एकेक अक्षर लावत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली.